प्रायव्हेट पायलट लायसन्सवर कामाचा प्रवास करता येतो का?

अमेरिकेत प्रायव्हेट पायलट लायसन्सवर कंपनीच्या कामाला स्वतः विमान घेऊन गेल्यास आणि कंपनीने खर्च दिल्यास ते नियमात बसते का, आणि असा प्रवास परवडतो का, असे आपण विचारले आहे. नियमात बसते. फेडरल नियमावलीतील कलम ६१.११३ प्रमाणे उड्डाण हे आपल्या कामाच्या केवळ अनुषंगाने झालेले असावे आणि विमानात भाडे घेऊन नेलेले प्रवासी किंवा माल नसावा. परवडण्याच्या प्रश्नावरून मात्र माझा आणि माझ्या भागीदाराचा दोन वर्षे वाद चालला होता.

आमचा यंत्रभागांचा छोटा व्यवसाय ओहायोतील कोलंबसला आहे आणि तेव्हाचा एक मोठा ग्राहक इलिनॉयमधील पीओरियाला होता. गाडीने सुमारे सहा तास लागतात, तर भाड्याच्या सेस्ना १७२ या एका इंजिनाच्या, चार आसनी छोट्या विमानाने समोरचा वारा धरूनही तीन तासांच्या आसपास. मार्चमधल्या एका सकाळी ७ वाजता मी निघालो. पीओरियाचे घड्याळ एक तास मागे असल्यामुळे १० ची बैठक सहज गाठता येईल, असा हिशेब होता. कोलंबसवर ढगांचा तळ ४,००० फुटांवर होता. वाटेत इंडियानापोलिसच्या उत्तरेला तो २,००० फुटांवर आला, आणि पुढचे लाफायेट शहर मागे पडल्यावर ढगांपासून ५०० फुटांचे अंतर राखण्यासाठी मला जमिनीपासून ९०० फुटांपर्यंत खाली यावे लागले. उजव्या हाताला बेंटन काउंटीतील पवनचक्क्या होत्या; त्यांची पाती सुमारे ४०० फुटांपर्यंत जातात आणि त्या दिवशी त्यांची वरची टोके धूसर हवेत दिसत नव्हती. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना ढगांत केवळ उपकरणांवर उडण्याची परवानगी, नव्हते. मी मागे वळलो आणि लाफायेटला पर्ड्यू विद्यापीठाच्या विमानतळावर उतरलो. तेथून भाड्याच्या गाडीने पीओरिया गाठेपर्यंत बैठक संपली होती आणि ते काम दुसऱ्याला मिळाले होते.

"हा तुझा छंद आहे, त्याला कंपनीचे काम म्हणू नकोस," असे भागीदार कर्मचाऱ्यांसमोर म्हणाला. मी वळलो याचा मला आजही अभिमान आहे. चूक आदल्या दिवशीच झाली होती, कारण इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसलेल्या वैमानिकाने मार्च महिन्यात या भागात कोणालाही घड्याळाची वेळ देऊ नये, आणि ती मी दिली होती. पुढे त्याच भागीदाराने दोन ग्राहकांना विमानातून आणून त्यांच्या बिलात प्रवासखर्च लावावा, असे सुचवले. ते सरळ बेकायदा असल्यामुळे मी नकार दिला, आणि त्यावरही त्याने मला भित्रा ठरवले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग घ्यावे. त्यासाठी पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणांचे, ५० तास आणि उपकरणांवरचे ४० तास लागतात. हा खर्च ज्याला जड वाटतो त्याने कामाला गाडीनेच जावे. अर्थात रेटिंग मिळाले तरी हिवाळ्यातल्या ढगांत पंखांवर धरणाऱ्या बर्फापुढे सेस्ना १७२ चा काही उपयोग नाही. कंपनीच्या विमा पॉलिसीत कर्मचाऱ्याने चालवलेले विमान वगळलेले नाही ना, तेही पाहावे. सहकारी बरोबर येणार असतील, तर कंपनीकडून पूर्ण खर्च घेण्याआधी विमान कायद्याच्या वकिलाला विचारावे.

रेटिंग मिळाल्यापासून मी बैठका दुपारी २ नंतरच ठेवतो, आणि रात्रीच्या अंदाजात ढगांत बर्फ धरण्याची शक्यता दिसली, तर पहाटे ५ वाजता गाडी काढतो.