.१७ मॅक २ घेताय? आधी एवढं बघा

नेमबाजी शिकायला .१७ मॅक २ ची रायफल घ्यायचा विचार आहे? निवड चांगली आहे, बिनधास्त शिका! २००४ मध्ये हॉर्नाडीने आणलेलं हे काडतूस म्हणजे .२२ स्टिंगर या छोट्या काडतुसाच्या केसचं (कवचाचं) तोंड अरुंद करून बसवलेली १७ ग्रेनची (सुमारे १.१ ग्रॅमची) गोळी. वेग सेकंदाला सुमारे २,१०० फूट, धक्का जवळजवळ नाहीच. शंभर यार्डांवर नेहमीच्या .२२ एलआर काडतुसापेक्षा गोळी कितीतरी कमी खाली येते. मला हे फार आवडतं.

पण काडतुसं महाग, आणि अमेरिकेतही प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. रिमफायर (पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असलेली) असल्याने घरी पुन्हा भरताही येत नाहीत. म्हणून आधी काडतुसं शोधा, मग रायफल. बोल्ट अ‍ॅक्शनच (दरवेळी हाताने दांडा ओढून पुढची गोळी भरायची रायफल) घ्या.

नवशिक्यांच्या चुका:
- गोळी वाऱ्याने सरकते आणि नवशिके स्कोप (नेमाच्या दुर्बिणीचं सेटिंग) फिरवत बसतात. आधी वारा बघा.
- .१७ एचएमआर वेगळं, लांब काडतूस आहे. नळीवरचा शिक्का आणि पेटीवरचं नाव दरवेळी जुळवा.
- नळी अरुंद असल्याने साफसफाईला .२२ ची सळई चालत नाही.