तुमचे प्रश्न : एसटीपीवरची हवा

प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर (एसटीपी) ऑपरेटर आहे. एरेशन टाकीजवळ, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीजवळ, काम झालं की संध्याकाळी कणकण, अंगदुखी. सकाळी साफ बरं. कापडी मास्क लावतो. हा संसर्ग आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बुडबुडे फुटताना सूक्ष्म तुषार उडतात. त्यांत मेलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, असतात. ते फुफ्फुसात गेले की काही तासांनी ताप येतो आणि साधारण २४ तासांत उतरतो. ताप त्याहून टिकला किंवा दम लागला, तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगूनच दाखवा.

पृष्ठभागावर पाणी घुसळणारे पंख्याचे सरफेस एरेटर तळातून बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरपेक्षा कितीतरी जास्त तुषार उडवतात. पण बेल्ट प्रेस (गाळातलं पाणी पिळून काढणारं यंत्र) पाण्याच्या जोरदार जेटने धुणं त्याहून वाईट, आणि तिथेच लोक मास्क काढतात! कमी दाबाने धुवा, वारा तोंडावर नको, पाठीवर घ्या. म्हणजे तुषार तुमच्यापासून दूर जातील.

कापडी मास्क निरुपयोगी. एन९५ घ्या, दाढी असेल तर कडेने हवा शिरते, ओला झाला की बदला. मात्र हायड्रोजन सल्फाइड हा सांडपाण्यातून निघणारा विषारी वायू त्याने अडत नाही. चेंबरमध्ये गॅस डिटेक्टरशिवाय उतरू नका. मळक्या हातांवर सॅनिटायझर चालत नाही, साबणच हवा. धनुर्वाताची लस घेतलीय ना?