वकिलीतून राजकारणात जाताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणतोस, आनंद वाटला. जरूर उभा राहा, पण वकिली सोडू नकोस. कोकणातल्या राजकारणाची शिदोरी तालुक्याच्या कोर्टातच मिळते.

परवा तुझ्याकडे आलेला तो सातबारा आठव. चौदा गुंठ्यांना तेवीस नावं, निम्मी मयत, उरलेली मुंबईला. आणि वर्षानुवर्षं जमीन कसणाऱ्या आजीचं नाव कुळाच्या रकान्यातही नाही. तिचा दावा तू चालवशीलच. पण घरटी हेच दुखणं असेल तर एका दाव्याने काय होणार? जिल्हा परिषदेत साकव, शाळा, पाणी योजना तुझ्या हाती येतील. सातबारा महसूल खात्याचा, त्याचा कायदा विधानसभेत होतो. म्हणून अशी प्रकरणं आतापासून एका वहीत टिपून ठेव, पुढे विधेयक लिहायला तीच कामी येतील.

कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, मोडायला बाबासाहेबांनी हेच केलं. वकिली करणाऱ्या या माणसाने 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. तेव्हा ते मंजूर झालं नाही, कायदा व्हायला 1949 उजाडलं. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै 1957पासून सलग तीनदा राजापुरातून लोकसभेवर गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या 1967च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना कात्री लावायची संसदेला बंदी केली, तेव्हा घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे राहावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. जानेवारी 1971मध्ये ते गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार दिला. लोक त्यांची भाषणं आठवतात. मला त्या विधेयकामागची चिकाटी जास्त मोलाची वाटते.

एक सवय मात्र कोर्टातच ठेव, समोरच्याला खोटं पाडायची. तिथे आपण एकाच पक्षकाराचे असतो; निवडून आल्यावर सामनेवालाही आपलाच. त्याच्या वाडीची पाखाडी, ती दगडी पायवाट, तुलाच बांधायची आहे. आणि ज्या संस्थेत बसशील तिथल्या ठेकेदाराचं वकीलपत्र कधीही घेऊ नकोस, फी कितीही असो.

उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र दुसऱ्याकडून भरून घेऊ नकोस. सामाईक जमिनीतला तुझा हिस्साही त्यात दाखव. कच्चा मसुदा रविवारी घेऊन ये, ओळ न् ओळ एकत्र वाचू.