पिण्याच्या पाण्यात औषधांचे अंश असतात म्हणे. घरी आरओ आहे, तेवढं पुरे का?

शहरात नळाचं पाणी येत असेल तर पुरे, आणि खरं सांगायचं तर या एका कारणासाठी आरओची गरजही नाही. आरओच्या पडद्यातून बहुतेक औषधांचे रेणू पलीकडे जात नाहीत, अगदी लहान असतील ते थोडेफार निसटतात. पाणी उकळून मात्र फारसा फरक पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१२ चा अहवाल सांगतो, की प्रक्रिया केलेल्या पाण्यात एकेका औषधाचं प्रमाण सहसा लिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या आत असतं. रोज दोन लिटर पाणी प्यायलात तर ७० वर्षांत पोटात जाईल जेमतेम अडीच मिलिग्रॅम. पण ही मोजमापं मुख्यतः श्रीमंत देशांतली आहेत. औषधं जिथे बनतात तिथली गोष्ट वेगळी.

हैदराबादजवळ पटनचेरू आहे. तिथल्या सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध व्हायचं. स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तिथून *बाहेर पडणारं*, म्हणजे शुद्ध केलेलं पाणी तपासलं आणि २००७ मध्ये आकडे छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत! म्हणजे सोळा लिटरच्या बादलीत ५०० मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी. ती गोळी घेतल्यावर रुग्णाच्या रक्तात लिटरमागे जेवढं औषध उतरतं, त्याच्या दसपटीहून जास्त. हे पाणी ओढ्यांतून मांजरा नदीत जायचं. हीच आपली बीड-लातूरची मांजरा, पुढे गोदावरीला मिळणारी. आसपासच्या गावांतल्या विहिरींतही नंतर औषधं सापडली.

धोका समजून घ्यायचा तर या केंद्राच्या टाकीत काय चालतं ते बघा. सांडपाण्यातली घाण खायला तिथे जीवाणूच वाढवलेले असतात. त्यांच्यावर दिवसरात्र अँटिबायोटिकचा मारा झाला, की जे त्याला पुरून उरतात तेच शिल्लक राहतात, आणि प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी लार्सन यांच्याबरोबर याच केंद्रातले जीवाणू तपासले. २०१३ च्या त्या निबंधात ८६ टक्के जीवाणू वीस किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. असले जीवाणू रुग्णालयात पोचले तर डॉक्टरच्या हातात औषधच उरत नाही, मग तुमच्या घरी आरओ असो वा नसो.

मी बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) होतो. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या रजिस्टरमध्ये रकाने ठरलेले: पीएच, सीओडी, बीओडी, टीडीएस, सस्पेंडेड सॉलिड्स, अशी पाण्यातल्या घाणीची नेहमीची मापं. आम्ही जे औषध बनवत होतो त्याचा रकानाच नव्हता. शेजारच्या खोलीत एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर) त्याच औषधाची शुद्धता दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत मोजली जायची. सांडपाण्याचा नमुना त्याच मशीनवर घेता आला असता. कायदा मागत नव्हता, म्हणून कुणी घेत नव्हतं. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या अँटिबायोटिक्सना मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ ची अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या गाळलेल्या होत्या. याचा मला आजही संताप येतो. मोजायचं कसं हे माहीत असताना न मोजणं, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आपल्या घरातूनही औषधं जातातच, मुख्यतः लघवीवाटे, आणि ते टळणारं नाही. मुदत संपलेल्या गोळ्या मात्र बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. केरळ सरकारने अशी औषधं गोळा करायला सुरुवात केली आहे, तसं आपल्याकडे व्हायला हवं. (नशा आणणाऱ्या किंवा चुकून घेतल्यास जीवघेण्या ठरणाऱ्या मोजक्या औषधांसाठी नियम वेगळा आहे, केमिस्टला विचारा.)

तुमची बोअर औषध कारखान्यांच्या एमआयडीसीलगत असेल तर मात्र वरचा दिलासा तुम्हाला लागू नाही. तिथे आरओवर विसंबू नका, पाणी लॅबमध्ये तपासून घ्या. पाणी पिण्यालायक आहे का हे बघणाऱ्या नेहमीच्या पोटॅबिलिटी टेस्टमध्ये औषधं येत नाहीत, त्यामुळे कुठली औषधं तपासायची ते नावानिशी लिहून द्या. शेजारचे कारखाने काय बनवतात ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना दिलेल्या संमतिपत्रात असतं. ते माहिती अधिकारात मागता येतं.