एअरबॅगवर जहाज सोडायला निघालास, तर ऐक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात भट्टीपुढं घाम गाळलेला पोरगा कोकणातल्या जहाजबांधणीच्या यार्डात चाललाय, बरं वाटलं बघ. तिथं सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून कोरडा करता येणारा हौद, शोधू नकोस. लहान यार्डात बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू जहाजं, बऱ्याचदा एअरबॅगवरून, म्हणजे हवा भरलेल्या लांब पिशव्यांवरून पाण्यात जातात. चीनमध्ये १९८१ मध्ये ही रीत सुरू झाली, पिशव्यांसाठी आयएसओ १४४०९ हे मानकही आहे.

गुऱ्हाळावर जड चरक पाइपांवरून सरकवताना पाहिलायस ना? तत्त्व तेच. सपाट पिशव्या तळाखाली सरकवायच्या, कॉम्प्रेसरनं फुगवायच्या, तळ उचलला की ठोकळे काढायचे. मग जहाज धरून ठेवते ती विंचची, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राची, तार. भरतीच्या वेळी तार सोडली की जहाज गडगडत निघतं, मागचा भाग आधी पाण्यात. तो तरंगायला लागला की वजन नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, पिशव्यांवर येतं. खरी परीक्षा तिथंच. त्या बाजूला पिशव्या दाट लाव.

माझ्या पहिल्याच खेपेला एक पिशवी फुटली. तळाला वेल्डिंगचा काटा राहिला होता. चूक माझीच, तळ हातानं चाचपला नव्हता. तू चाचप, आळस करू नकोस. पिशवीच्या तोंडासमोर आणि ताणलेल्या तारेच्या रेषेत कधीच उभं राहायचं नाही, मुकादम काहीही म्हणू दे.

सपाट तळाला हे सोपं, व्ही आकाराच्या तळाला अवघड. मोठ्या ठिकाणी शिपलिफ्ट, म्हणजे जहाज सरळ वर-खाली करणारा पाळणा, असते. कारवारच्या नौदल तळावरची १०,००० टन उचलते. सुट्टीत जाऊन लांबून का होईना, बघ. आणि जाताना तांबड्या रश्श्याचा मसाला घे, तिकडं मिळत नाही.