विद्यापीठाच्या दुर्मीळ आजार संशोधनासाठी पुतण्याचं रक्त द्यावं का?

तुम्ही शहादा तालुक्यातले. चार वर्षांच्या पुतण्याचे स्नायू दुबळे होत चाललेत, जनुक चाचणीवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आलाय. डॉक्टर म्हणतात, बऱ्याच संस्था मिळून संशोधन करताहेत, त्यासाठी त्याचं आणि आईवडिलांचं रक्त द्या. घरचे म्हणतात, आमच्या पोरावर प्रयोग नको.

दादा, मी जळगावात जैवरसायनशास्त्र शिकवते. माझं मत: द्या. पण आपण काय मागून घ्यायचं ते आधी ठरवा.

जनुकात बदल सापडला, पण आजार त्याच्यामुळेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. निरुपद्रवी बदल तुमच्या-माझ्यातही ढिगानं असतात. आईवडिलांच्या रक्तातून कळतं की हा बदल कुणाकडून आला, की मुलातच नव्यानं झाला. पण खरा आधार मिळतो तो नात्यात नसलेलं दुसरं मूल सापडल्यावर: तोच बदल, तीच लक्षणं. धुळ्याच्या डॉक्टरला असं मूल अख्ख्या नोकरीत भेटणार नाही. ते केरळात असेल, नाहीतर ब्राझीलमध्ये. म्हणून तर नोंदी एकत्र कराव्या लागतात. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संशोधन संस्थेचं 'गार्डियन' हे जाळं याच कामासाठी उभं राहिलं.

शिवाय तो बदल निरोगी माणसांत आढळतो का, हेही बघावं लागतं, आणि तिथे आपली अडचण होते. जगातल्या जनुकीय साठ्यांत भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. आपल्याकडे भिल्ल, पावरा, गुजर, लेवा पाटील पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या समाजातच सोयरीक करत आले. तिकडे विरळा वाटणारा बदल आपल्या एखाद्या समाजात सर्रास असू शकतो. २० संस्थांच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पानं सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. सातपुड्यातली माणसं अशा कामात जितकी येतील, तितके आपल्या पोरांचे रिपोर्ट नेमके होतील. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता घरच्यांना नीट सांगा: रक्त देणं म्हणजे मुलावर औषधाचा प्रयोग नव्हे, आणि उपचारही नव्हे. नंदुरबारात घरोघर माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार बघा. हिमोग्लोबिनमधला एकच घटक बदललेला असतो, हे व्हर्नन इन्ग्रम या शास्त्रज्ञानं केंब्रिजमध्ये १९५६ साली दाखवलं. त्यावर जनुक संपादनाच्या, म्हणजे पेशीतलं जनुकच बदलण्याच्या, उपचाराला पहिली मान्यता ब्रिटनमध्ये मिळाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. म्हणजे कारण कळल्यापासून तिथवर सदुसष्ट वर्षं गेली. आशा मात्र खोटी नाही. वेल्लोरचं सीएमसी आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांनी मिळून हिमोफिलिया-ए हा रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या पाच जणांना जनुकोपचार दिला, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाचही जणांचे रक्तस्राव थांबलेले होते.

निदान पक्कं होईपर्यंत फिजिओथेरपी थांबवू नका, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोंद करा. ते केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणातलं मान्यताप्राप्त केंद्र आहे. यादीतला आजार निघाला तर ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

संमतिपत्र मराठीत मागा, वहिनींना त्यांच्या बोलीत समजावून घ्या. कधीही माघार घेता येते, नाव गुप्त राहतं, पैसे द्यावे लागत नाहीत, हे त्यात असायला हवं. निष्कर्ष आम्हाला कळवणार का, हे लेखी घ्या. आणि कुणी स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देतो म्हणून लाखांत पैसे मागितले, तर तिथून उठून या. स्नायूंच्या आजारासाठी ते मान्य उपचारात बसत नाही.

वहिनींना पुढचं मूल हवं असेल तर हे सगळं आत्ताच बोला. आजार आई आणि वडील दोघांकडून आलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, पण नेमका कोणता बदल शोधायचा हे आधी पक्कं झालेलं असेल तरच.