पहिलं घर घेतोय. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यावा की ताबा-तयार? काय काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात 60 लाखांपर्यंतचा टू बीएचके बघताय, 20 टक्के रक्कम साठवली आहे, आणि एका स्कीममध्ये बिल्डर म्हणतोय, "ओसी येतच आहे, तोवर दसऱ्याला चावी घ्या, फर्निचरचं काम उरकून घ्या." (ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य झाल्याचा महापालिकेचा दाखला.) तुमचा मुख्य प्रश्न वेगळा आहे हे कळतंय, पण हे वाक्य वाचल्यावर मला पुढचं काही दिसेना.

नका घेऊ चावी.

आमच्या घरात याच वाक्यावरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून इतकं ठासून सांगते आहे. मी आणि नवऱ्याने, आणि माझ्या मोठ्या दिरांनी, एकाच इमारतीत फ्लॅट बुक केले होते. भाऊजी म्हणजे आमच्या खानदानातले जमीनजुमल्याचे जाणकार. सगळ्या ऑफिसांत ओळखी. बिल्डर निवडला त्यांनी, भाव पाडून घेतला त्यांनी, त्यामुळे कागद वाचायचा मान पण त्यांचाच असं गृहीत होतं. करारातली ताब्याची तारीख उलटून गेली होती, महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर पूर्णत्वाची तारीख एकदा पुढे ढकललेली दिसत होती, आणि अशात दसऱ्याच्या आधी सेल्सच्या मुलाचा फोन आला. "फिट-आउट पझेशन" देतोय म्हणाला. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी गुरुजींना फोन करून वास्तुशांतीचा दिवस धरला.

बिल्डरच्या ऑफिसात आम्ही सगळे गेलो. पेढे ठेवलेले, नारळ ठेवलेला, चावीला लाल रिबीन. मुलाने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि पत्राचं शेवटचं पान उघडून समोर धरलं. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. दुसऱ्या पानावर मजकूर होता तो साधारण असा: सदनिकेचा ताबा मला आज मिळाला आहे, क्षेत्रफळ, बांधकामाचा दर्जा आणि सुविधा याबद्दल माझी काही तक्रार नाही, विलंबाबद्दल मी कोणताही दावा करणार नाही, आणि आजपासून मेंटेनन्स देण्यास मी बांधील आहे.

मी विचारलं, "ताबा फर्निचरसाठी आहे ना? मग या पत्रात फर्निचर हा शब्द कुठे आहे?"

"मॅडम, हा आमचा फॉरमॅट आहे. सगळे सही करतात."

भाऊजी म्हणाले, "तू कागदच वाचत बस. बाकीचे राहायला जातील."

मी पेन खाली ठेवलं. पेढाही घेतला नाही, हे सासूबाईंना जास्त लागलं.

1963 चा मोफा कायदा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा जुना कायदा, यात स्वच्छ लिहिलंय की पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये. आणि पुढे हेही की घेणाऱ्याने घेऊ नये. म्हणजे त्या कायद्याप्रमाणे ती सही करणारा पण नियम मोडतोच. रेरा, म्हणजे घरखरेदीचा नवा केंद्रीय कायदा, आल्यावर तर गोष्ट आणखी सोपी झाली: ओसी मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणं ही ग्राहकाची जबाबदारी. ओसीच नाही तर ते दोन महिने सुरूच होत नाहीत. "चावी घेतली नाही तरी मेंटेनन्स चालू होईल" ही धमकी तुम्हालाही मिळेल. ती लेखी मागा. मी मागितली, आली नाही.

भाऊजींनी सही केली आणि राहायला गेले. वास्तुशांती त्यांच्याच घरी झाली, जेवायला वाढायला मीही होते. पाणी टँकरचं. महापालिकेचं कनेक्शन ओसीशिवाय नाही, त्यामुळे टँकर उशिरा आला की जाऊबाई बादल्या भरून ठेवायच्या. लिफ्ट बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर, संध्याकाळी सगळ्यांचे गिझर लागले की मधेच बंद. आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये, जो त्यांनी सही केल्या दिवसापासून लागू. आम्ही भाड्याच्या घरात होतो, ईएमआयही चालू होता. भाऊजी दर सणाला विचारायचे, "काय, आला का तुमचा कागद?"

आला, पण उशिरा. मधल्या काळात मी महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली. विलंबाचं व्याज ही काही मेहेरबानी नाही. महाराष्ट्राच्या नियमांत त्याचा दर ठरलेला आहे, स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक 2 टक्के, आणि प्रकल्पात राहून तुम्ही ते दर महिन्याचं मागू शकता. प्रकरण सलोखा मंचाकडे गेलं. तिथे ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी बसतो, तडजोड होते का ते बघतात. आमची झाली. व्याज रोख मिळालं नाही, शेवटच्या हप्त्यातून वळतं झालं. मग भाऊजीही गेले, तर बिल्डरच्या वकिलाने फाइलमधून काय काढलं असेल? तेच पत्र. त्यांनी पुढे रेटलंच नाही. आजही म्हणतात, "व्याज मिळालं ते भाड्यात गेलं, आम्ही मात्र स्वतःच्या घरात राहिलो." हिशेबाने ते पूर्ण चूक नाही. व्याजाचा बराचसा भाग भाड्यातच गेला. पण माझ्या फाइलमध्ये माझ्या सहीचं खोटं पत्र नाही, एवढं आहे.

आता तुमचा प्रश्न. भाडं आणि ईएमआय दोन्ही वर्ष-दोन वर्षं ओढायची ताकद नसेल तर ओसी आलेलं घर घ्या, थोडं लांब मिळालं, थोडं जुनं मिळालं तरी चालेल. बांधकाम चालू असलेल्या घराचा भाव कमी दिसतो, पण त्यावर 5 टक्के जीएसटी आहे (परवडणाऱ्या घरांच्या गटात बसलं तर 1). ओसी आल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर आणि रिसेलवर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, नोंदणी फी 1 टक्का पण जास्तीत जास्त 30 हजार. तुमच्या 60 लाखांवर मुद्रांक 4 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार, जीएसटी 3 लाख. साडेसात लाख झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे "20 टक्के साठलेत" हे पुरेसं नाही, 12 लाखांच्या वर हे वेगळे काढून ठेवा. 50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस कापून भरणं तुमचं काम आहे. ते पैसे बिल्डरच्या रकमेतूनच कापायचे, जास्तीचे द्यायचे नाहीत. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही. "बुकिंग कन्फर्म करायला अजून थोडे टाका" याला रेरात जागा नाही.

ओसी बघताना एक लक्षात ठेवा, नुसता "ओसी आहे" हा शब्द ऐकून खूश होऊ नका. पार्ट ओसी असते, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरतीच. तिच्यात तुमची विंग, तुमचा मजला आहे का ते बोट ठेवून वाचा.

भाऊजींचं नेहमीचं वाक्य असं: "बांधलेली इमारत कोण पाडतंय?" मी त्यांना वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं उदाहरण दिलं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचव्या मजल्याच्या वरचं बांधकाम बेकायदा धरून निकाल दिला आणि 2014 च्या जूनमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या लोकांची वीज, पाणी, गॅस तोडले. ते म्हणाले, "पण पाडली का?" मग 28 ऑगस्ट 2022 ला नोएडाचे जुळे टॉवर स्फोटकांनी पाडले, ते टीव्हीवर आम्ही एकत्रच बघितले. त्यावर म्हणाले, "त्यात कुठे कोण राहत होतं." अशा माणसाशी काय बोलणार.

हां, हेही सांगायला हवं: ओसी नसलेली प्रत्येक इमारत बेकायदा असते असं नाही. कधी एखादा रस्ता महापालिकेकडे द्यायचा राहिलेला असतो, कधी अग्निशमनचा दाखला अडकलेला असतो, आणि लोक तशा घरांत आयुष्य काढतात. जुन्या सोसायटीत रिसेल घेत असाल तर सरसकट नाही म्हणू नका. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, झालंय का विचारा, मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून करून घ्या, सेक्रेटरीला भेटून विकणाऱ्याची थकबाकी विचारा. माझं सगळं बोलणं नव्या इमारतीच्या बिनओसी चावीबद्दल आहे.

लग्न झालेलं असेल आणि बायकोचं उत्पन्न कर्जाला पुरत असेल तर घर तिच्या एकटीच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात महिलेला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, 60 लाखांवर सरळ 60 हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. आम्ही माझ्याच नावावर घेतलं. यावरून घरात जे झालं ते लिहीत बसले तर तुमचा फ्लॅट विकला जाईल दुसऱ्याला.

पार्किंगचं विचारलं होतंत. ओपन पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. छतावालं घेत असाल तर त्याचा नंबर, लांबी-रुंदी आणि नकाशावरची जागा करारातच लिहून घ्या. भाऊजींच्या पत्रात नुसतं "एक पार्किंग" एवढंच आहे. खांबाला लागून असलेली ती जागा नेमकी कोणाची यावरून त्यांचं आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं अजून चालू आहे.